हिरव्या ताडपत्रीची पिशवी

मावशी, बालकल्याण समितीच्या बाईंनी मला विचारलं होतं, "राहायचंय ना तुला पंचफुलाबाईंकडे?" म्हणजे तुझ्याकडे, आणि मी "नाही" म्हणाले होते. तेव्हा मी बारा वर्षांची होते. आता मी एकतीस वर्षांची आहे. मधल्या एकोणीस वर्षांत आपण कशावरून भांडलो नाही? चहात आलं किती घालावं, पंखा कितीवर ठेवावा, मी लग्न का करत नाही, तू दवाखान्यात का जात नाहीस. त्या 'नाही'वर मात्र एकदाही नीट बोललो नाही. आता तू गेलीस. आज नववा दिवस.

सकाळी विहारातल्या बायका येऊन गेल्या. त्रिशरण, पंचशील झालं, मेणबत्त्या लावल्या. ताराबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि जाताना म्हणाली, "कपडे वाटून टाकजो तिचे, ठेवून कायले रडतं?" शेजारधर्म म्हणून ती बरोबरच बोलली. पण मी अजून एकही लुगडं हलवलेलं नाही. जाम गावच्या चौकातल्या तुझ्या दुकानात, तुझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसून हे लिहितेय. हैदराबादकडे जाणारे ट्रक गेले की खिडकीची काच अजून तशीच थरथरते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बसून काय राह्यली, गिऱ्हाईक पाहून राह्यलं ना." गिऱ्हाईक कुणी नाही, मावशी. शटर अर्ध्यावर पाहून लोक परत जातात.

वर माळ्यावर ती पिशवी आहे. ती अजून काढलेली नाही. आधी तुला सांगायचं ते सांगून घेते.

आठव्या वर्षी समितीनं मला सांभाळायला तुझ्या दारात आणून सोडलं, तो उन्हाळ्याचा दिवस होता. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, बाप कुठे होता ते कुणालाच माहीत नव्हतं. आर्वीच्या ज्या कुटुंबात मला आधी ठेवलं होतं त्यांच्या घरी आता स्वतःचं बाळ येणार होतं. म्हणून एका दुपारी मी शाळेतून आले तर दारात जीप उभी. माझं सामान प्लास्टिकच्या दोन थैल्यांत भरलेलं. अंगावर दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक होता, काखेत इतका घट्ट की शिवण कातडीत रुतून वळ उठला होता. जीपमध्ये मी हात अंगाशी धरून बसले होते. सोबतच्या बाईंना वाटलं, पोरगी घाबरली आहे.

तू माझं नाव विचारलं नाहीस. कपाळावर चष्मा, गळ्यात टेप, बोटांना खडू. मला पाहिलंस आणि म्हणालीस, "हात वर कर." मी केला. तू कात्री घेतलीस आणि जीपवाल्या बाई कागदावर सह्या करत असतानाच त्या फ्रॉकची काख उसवून टाकलीस. मग वळावर खोबरेल तेल लावलंस, माझं माप घेतलंस आणि मापाच्या वहीत लिहिलंस. नाव त्यानंतर विचारलंस. मला आठवतं, हात मोकळा सोडता आला म्हणूनच मला रडू आलं होतं.

पहिल्या आठवड्यात मी तुझ्याकडे एकच वस्तू मागितली, चेनची पिशवी. कशाला, असं तू विचारलं नाहीस. ट्रकच्या ताडपत्र्या तुझ्याकडे दुरुस्तीला यायच्या. त्यातल्या एका हिरव्या तुकड्याची पिशवी शिवलीस, पट्ट्याला दुहेरी शिलाई मारलीस आणि म्हणालीस, "हे फाटनार नाई, तू फाटशीन." त्या पिशवीत मी दोन फ्रॉक, पंचा, कंगवा आणि शाळेचं प्रगतिपुस्तक भरून बाजेखाली ठेवलं. पुन्हा दारात जीप आली तर प्लास्टिकच्या थैल्या नकोत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रोज शाळेतून आले की आधी बाजेखाली पाहायचे.

ताराबाई हसायची. "चार महिने झाले, पोट्टी अजून पाहुनीच हाय का?" तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, "तिचं सामान हाय. तिच्या मनात येईन तवा काढन. आपून सांगाचं नाई." मी आत बसून ऐकलं होतं. एवढं कुणी माझ्या बाजूनं बोललेलं मला आठवत नव्हतं.

तुझ्याकडचे दिवस चांगले होते, मावशी. हे वाक्य मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही, कारण लगेच तू म्हणाली असतीस, "मंग वाईट कवा होते?" जाणाऱ्या माणसाकडे बघून त्याची कंबर सांगायचा तुझा खेळ आठवतो. बसमधून उतरणारा जाडजूड माणूस दिसला की तू हळूच म्हणायचीस, "बेचाळीस." आणि तो कधी पँट शिवायला आलाच तर टेप माझ्या हातात द्यायचीस. बेचाळीसच भरायची. मग तू असा चेहरा करायचीस की जणू तुला काही माहीतच नाही. गिऱ्हाईक बिचारं विचारायचं, ही पोरगी हसून काऊन राह्यली?

वाढत्या लेकराचा कपडा कसा शिवायचा ते तू मला शिकवलंस. बाजूच्या शिवणीत दोन बोटं कापड आत सोडायचं, खाली चार बोटं दुमडायचं. लेकरू वाढलं की उसवायचं, पुन्हा शिवायचं. "मोठ्याले आजच्या मापाचं शिवावं, लेकराले उद्याच्या," असं तू म्हणायचीस. मोठ्यांच्या कपड्यांत तू एक दोराही जास्त सोडत नव्हतीस, कापडाची नासाडी म्हणायचीस.

दर वर्षी एकदा आपण दोघी वर्ध्याला समितीसमोर जायचो. तुला बाहेर बाकावर बसवायचे आणि मला आत एकटीला विचारायचे, नीट आहेस का, मारतात का, राहायचंय का. मी दर वर्षी मान डोलवायचे. परतताना आपण उसाचा रस प्यायचो. आत काय विचारलं, हे तू कधी विचारायची नाहीस. मला वाटायचं, तुला त्यात रस नाही. आता कळतं की त्या बाकावर तुझं काय होत असेल.

बाराव्या वर्षी समितीच्या तारखेच्या आठ दिवस आधी मला प्रगतिपुस्तक लागलं म्हणून मी पिशवी उघडली. रोज ती जागेवर आहे एवढंच पाहायचे, उघडून मात्र कितीतरी दिवस झाले होते. आत माझे फ्रॉक नव्हते. दोन नवे पंजाबी ड्रेस होते, माझ्या तेव्हाच्या मापाचे. नवी चड्डी-बनियन, नवा पंचा, सगळं घडी घालून. मी चेन परत ओढली. ही बाई माझी पिशवी भरतेय. हिनं ठरवलंय. आर्वीला जीप अचानक आली होती, इथे निदान तयारी तरी चाललीय, असंही मनात आलं. बाराव्या वर्षी माणूस किती कडू होऊ शकतं ते मला माहीत आहे.

ते आठ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू भरीत-भाकर केलंस, मी ताट सरकवलं. तू म्हणालीस, "काय झालं वं?" मी म्हणाले, "काही नाही." आणि समितीच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणाले. तू मला काढायच्या आत मीच निघाले, एवढंच होतं ते, मावशी. मला तुझं घर नको होतं असं नव्हतं. तू मला घराबाहेर काढशील आणि मी पुन्हा दारात उभी राहून बघत राहीन, ते मला सहन झालं नसतं.

त्यांनी तुला आत बोलावून सांगितलं. तुझा चेहरा मी पाहिला नाही, मी फरशी बघत होते. दोन दिवसांनी मला न्यायला गाडी आली तेव्हा तूच बाजेखालून पिशवी काढलीस, माझ्या खांद्यावर अडकवलीस आणि म्हणालीस, "कपडे बसतात अंगात. तरी घालून पायजो." मला वाटलं, बघा, हिनं सगळं तयारच ठेवलं होतं. गाडी चौकातून वळली तोवर मी मागे पाहिलं नाही.

वर्ध्याच्या बालगृहात मी दहा महिने होते. महिन्यातला एक रविवार भेटीचा. तू येत राहिलीस. कधी फुटाण्याचा चिवडा, कधी संत्री. आपण झाडाखाली समोरासमोर बसायचो आणि तू माझ्या बाह्यांकडे, सलवारीच्या लांबीकडे बघायचीस. पुढच्या रविवारी नवा जोड आणायचीस. एका रविवारी तू आली नाहीस. फाटक बंद होईपर्यंत मी तिथेच उभी होते. जेवायची घंटा झाली, तरी पाय निघेनात. पुढच्या भेटीला आलीस ती बोटाला पट्टी बांधून. ताडपत्री शिवताना मशीनची सुई आरपार गेली होती. मी विचारलं, "दुखते का?" तू म्हणालीस, "आता नाई दुखत." मग तू संत्र्याची एकेक फोड सोलून मला देत बसलीस, एकाच हातानं. त्यानंतरच्या तपासणीत मला पुन्हा विचारलं, कुठे राहायचंय. मी फक्त "जाम" म्हणाले.

परत आले तेव्हा तू मला काही विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. पिशवी पुन्हा बाजेखाली गेली. सोळाव्या वर्षी एकदाच मी तुझ्यावर ओरडले. तू माझ्या दहावीच्या निकालाचे पेढे चौकात वाटून आली होतीस आणि मला कशावरून तरी राग आला होता. मी म्हणाले, "एवढी माया होती तर तवा थांबवलं काऊन नाई मले?"

तू मशीन थांबवलीस. "तुले विचारलं होतं त्याहीनं. मले नाई."

"तूच तर पिशवी भरली होती!"

"भरली होती. पुन्हाई भरीन," असं म्हणून तू पायडल मारलंस. त्या मशीनच्या आवाजात पुढचं सगळं बुडालं. तुझा हट्ट आणि माझा हट्ट, दोन्ही एकाच कारखान्यातले होते. कुणालाच माघार माहीत नव्हती.

त्याच वर्षी चौकातल्या चहावाल्याची मुलगी दुर्गा हिच्या पायाच्या कॅलिपरचा, म्हणजे लोखंडी आधाराचा, पट्टा तुटला. चामडं शिवेल अशी मशीन फक्त तुझ्याकडे. तू पट्टा शिवलास, पण तो परत देईनास. दुर्गाला बसवलंस, तिच्या गुडघ्याखालचा लाल डाग मला दाखवलास आणि म्हणालीस, "हे मापच चुकलं हाय. लेकरू वाढलं, लोखंड तेवढंच राह्यलं." आतून मऊ कापडाची गादी लावून दिलीस. मी विचारलं, हे बनवणारी माणसं कुठे असतात? तू म्हणालीस, "मले काय माहीत? तू शाळेत जातं, तू विचार." मी विचारलं. त्या एका प्रश्नावर माझं आयुष्य उभं राहिलं.

अठरा पूर्ण झाली आणि माझी फाइल बंद झाली. कागदोपत्री तुझा-माझा संबंध संपला. मी घाबरले होते, ते तुला दिसलं असावं. तू म्हणालीस, "फाइल त्याहीची होती, त्याहीनं बंद केली. तू भाकर खाऊन घे." कृत्रिम अवयवांचं शिक्षण घ्यायला मी मुंबईला गेले ती हीच हिरवी पिशवी घेऊन. वसतिगृहातल्या मुली हसल्या. त्यांच्या चाकांच्या बॅगा दुसऱ्या वर्षी मोडल्या, ही अजून आहे.

आता सात वर्षं झाली, वर्ध्याच्या दवाखान्यात तळमजल्यावर माझी कार्यशाळा आहे. लेकरांच्या पायांचे साचे घेते, आधाराचे पट्टे बनवते, सहा-सहा महिन्यांनी माप बदलते. लोक मला हुशार म्हणतात. तुझी वही कुणी पाहिलेली नाही, म्हणून म्हणतात.

पाच वर्षांपूर्वी वडनेरची एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या पायात जुना, लहान झालेला आधार होता, पोटरीवर वळ उठलेला. ती मुलगी हू की चू न करता पाय आवळून बसली होती. आई म्हणाली, "बदलून आनू म्हनलं, अन वर्स निघून गेलं." त्या वळाकडे बघता बघता मला माझी काख आठवली, तुझी कात्री आठवली. आणि त्या दिवशी, सव्विसाव्या वर्षी, मला पिशवी कळली. मी ती भरून ठेवली होती आणि मी वाढत होते. आतले कपडे मात्र आठव्या वर्षाचेच होते. पिशवी सोड, असं तू मला सांगणार नव्हतीस, ते तू ताराबाईला बोललीच होतीस. मग तू एवढंच केलंस. पोरगी जायचीच असेल तर आली तशी जायला नको, अंगात बसणाऱ्या कपड्यांत जावी. किती वेळा बदललेस ते कपडे? मला एकदाच दिसलं. मी कार्यशाळेचं दार लावून रडले. त्या बाईला वाटलं, मुलीचा पाय फारच बिघडलाय.

त्या शनिवारी मी तुला सांगायला जामला आले. तू पोळ्या करत होतीस. म्हणालीस, बारीक झालीस. मी म्हणाले, तू जाड झालीस. आणि विषय राहिला. पाच वर्षं दर शनिवारी तो राहत गेला.

मग तुझ्या पोटातली गाठ निघाली. तुला माझ्याच दवाखान्यात भरती केलं तेव्हा कागदावर रुग्णाशी नातं लिहायचं होतं. मी 'मुलगी' लिहिलं. तू चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचलंस आणि हसलीस. "खोटं कायले लिवतं, बाप्पा? तू तर नाई म्हनली होती."

एकोणीस वर्षं ते तुझ्या मनात होतं. तू चेष्टेत बोललीस, पण तुझे डोळे माझ्याकडे लागले होते. तेव्हाच बोलायला हवं होतं, मावशी. दोन वाक्यांचं काम होतं. पण खिडकीतून तुझं नाव पुकारलं, सोनोग्राफीची वेळ झाली होती, आणि मी म्हणाले, "नंतर बोलू." मी तुझी चाकाची खुर्ची ढकलत नेली. नंतर औषधं, नंतर रिपोर्ट, नंतर तुझी शुद्ध हरपत गेली. मी रोज तुझ्या उशाशी बसून डॉक्टर काय म्हणाले तेच सांगत राहिले. एवढी भेकड मी कशी निघाले?

गेलीस त्या दुपारी मी खाली एका तीन वर्षांच्या मुलाच्या पायाचा साचा घेत होते. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. सिस्टर जिन्यावरून हाक मारत आल्या. साचा अर्धा ओला होता, तो सोडला असता तर पोराला पुन्हा तासभर तसंच धरावं लागलं असतं. मी तो पूर्ण केला. तूच म्हणायचीस, लेकराचं माप अर्ध्यावर सोडू नये. वर आले तोवर तू गेली होतीस. हाताला चिकटलेलं प्लास्टर तुझ्या गालाला लागलं, ते मी ओढणीनं पुसलं.

एवढं लिहून झाल्यावर आत्ता मी माळ्यावर चढले आणि पिशवी काढली. मुंबईहून आल्यावर ती मीच रिकामी करून वर टाकली होती. ती रिकामी नव्हती.

आत पंचा होता, कंगवा होता आणि एक निळा पंजाबी ड्रेस. त्याचं कापड मी ओळखलं. दिवाळीला मीच तुला आणून दिलं होतं, स्वतःला चार-पाच ब्लाउज शीव म्हणून. तू तो माझ्यासाठी शिवलास. वर्षानुवर्षं मी तुला माप घेऊ दिलं नव्हतं, तयार कपडे घ्यायचे, तरी शनिवारी दारातून आत येताना तू मला बघून घेत होतीस. मी तो अंगावर घातला. खांद्यात बरोबर, बाहीत बरोबर.

मग उलटा करून पाहिला, मावशी. बाजूच्या शिवणीत दोन बोटं कापड आत सोडलेलं आहे. खाली चार बोटं दुमडलेलं.

मोठ्यांच्या कपड्यांत एक दोरा जास्त न सोडणारी तू. मला एकतीस वर्षं झाली. मी आता कुठे वाढणार होते?

 मग उठून तुझी पेटी उघडली, तुझी लुगडी थोडी बाजूला सरकवली आणि निळा ड्रेस, पंचा, कंगवा त्यांच्या शेजारी ठेवला. तुझे कपडे मी वाटणार नाही, ताराबाईला तसं सांगेन. पिशवी झटकली आणि मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवली, रिकामी. बाजेखाली नाही, माळ्यावर नाही; तुझ्या घरात मी ती पहिल्यांदा अशी उघड्यावर ठेवली.

मला इथेच राहायचं होतं, मावशी. तेव्हाही.